एकदाच वापरायची प्लेट

खोक्यावर इंग्रजीत छापलेलं असतं, एकदाच वापरा. शेजारी दोनचा आकडा आणि त्यावर मारलेली काट, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्यालाही समजावं. धाराशिवच्या एका कॉलेजातल्या संशोधन केंद्रात मी तंत्रज्ञ आहे. माझं निम्मं काम त्या खोक्यावरची सूचना मोडण्याचं आहे.

खोक्यात प्लेट असते. तळहाताएवढी, पारदर्शक प्लास्टिकची, आठ-आठच्या दोन रांगांत सोळा लहान वाट्या. वाटीत करंगळीसुद्धा जात नाही. प्रत्येक वाटीच्या तळाला सोन्याची जाळी बसवलेली असते, श्वासानं उडेल इतकी पातळ. वाटीत जिवंत पेशी सोडल्या की त्या तळाशी जातात, जाळीला धरतात आणि पसरतात. जाळीतून अगदी क्षीण वीज सोडलेली असते. पेशी जितक्या पसरतील तितका विजेला अडथळा जास्त. यंत्र हा अडथळा मोजत राहतं आणि संगणकाच्या पडद्यावर एकेका वाटीची रेघ काढत राहतं. रेघ चढते आहे म्हणजे पेशी सुखात आहेत. पडली म्हणजे मेल्या, किंवा मरणाच्या वाटेवर आहेत.

परदेशातल्या प्रयोगशाळा प्लेट एकदा वापरतात आणि टाकून देतात. आम्हाला यंत्र एका योजनेतून मिळालं, प्लेटांची तरतूद त्या योजनेत नव्हती. सायकल दिली, टायर तुमचे तुम्ही बघा. सुरुवातीला कॉलेजनं काही खोकी मागवली. ती संपत आली तेव्हा मला विचारण्यात आलं, धुऊन चालतील का. मी म्हटलं, बघतो. ते बघणं अजून चालू आहे.

प्रयोगशाळेत येण्याआधी मी एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होतो. विज्ञानाची पदवी होती, पण नोकरी बातम्यांची मिळाली. तालुक्यांहून आलेला मजकूर नीट करायचा, विशेषणं काढायची, नाव-गाव दोन ठिकाणी विचारून पक्कं करायचं. पुढं ते कार्यालय बंद झालं आणि पदवी कामाला आली. लोकांना हा बदल विचित्र वाटतो. मला तसा वाटला नाही. दोन्हीकडं दुसऱ्यानं मागं ठेवलेलं पुसायचं असतं, आणि पुसणाऱ्याचं बोट कुठं उमटू द्यायचं नसतं.

धुण्याची रीत अशी. प्रयोग संपला की वाट्यांतलं द्रव ओतून द्यायचं. पेशी मात्र निघत नाहीत. आडाच्या दगडाला शेवाळ धरतं तसं त्यांनी सोन्याला धरलेलं असतं. त्यांची पकड सोडवायला ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य वापरतात. ते कोमट असताना घालायचं, थोडं थांबायचं, काढायचं, पुन्हा घालायचं. मग शुद्ध पाणी. पाण्याची धार वाटीच्या भिंतीवर सोडायची, तळावर कधीच नाही. ब्रश नाही, कापूस नाही, बोट तर नाहीच. जाळीला ओरखडा गेला की ती वाटी कायमची मुकी होते. पाण्यानंतर स्पिरिट, त्यानंतर अतिनील दिव्याखाली वाळवणं. आमच्या गावच्या पाण्यात क्षार फार. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की शुद्धीकरणाच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. त्या दिवसांत मी प्लेट धुण्याआधी भांडं धुतो.

शेवटची पायरी महत्त्वाची. धुतलेली प्लेट नुसत्या पोषक द्रवानं भरून, पेशी न घालता, यंत्रात ठेवायची. याला आम्ही कोरी फेरी म्हणतो. सोळाही रेघा जमिनीला टेकून सपाट चालल्या तर प्लेट पास. एखादी रेघ जरा जरी उचलली तर जाळीवर मागचं काहीतरी शिल्लक आहे. पुन्हा धुवायची. बातमी दुसऱ्या माणसाकडून पक्की करून घ्यावी, तसं.

सगळ्यांना हे पटत नाही. बाहेरच्या एका कॉलेजचे प्राध्यापक त्यांचे नमुने घेऊन यायचे. धुतलेली प्लेट समोर ठेवली की त्यांचा चेहरा पडायचा.

"म्हणजे उष्टीच की हो ही," ते एकदा म्हणाले.

"सर, येताना एस.टी. स्टँडवर जेवलात ना?"

"जेवलो."

"ताट नवं होतं?"

ते हसले, पण प्लेटकडं पाहून नाही. त्यांचा प्रयोग झाला, निकाल चांगला आला, आणि जाताना ते म्हणाले, "नवीत आणखी चांगला आला असता." मी प्लेट धुवायला घेतली.

माझी खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला आहे. खिडक्या बंद, एसी चालू. वर्ग खालच्या मजल्यांवर भरतात. पोरांचा गोंगाट वर येतो, शब्द येत नाहीत. संशोधक येतात, पेशी सोडतात, जातात. पेशींना वाढायला वेळ लागतो आणि माणसांना कामं असतात. मग यंत्र आणि मी. दुपारचा डबा मी हात धुण्याच्या बेसिनपाशी उभ्यानं खातो, कारण खोलीत अन्न न्यायचं नाही हा नियम मीच केलेला आहे.

बायको लातूरला असते. ती तिथं शाळेत शिक्षिका आहे. तिची बदली इकडं झाली नाही आणि माझ्या यंत्रासारखं यंत्र तिकडं नाही. सुरुवातीला मी दर शनिवारी जायचो. मग एक आड. मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हापासून सणाला. भांडण कधी झालं नाही. निवृत्तीनंतर मी लातूरला जायचं हे ठरलेलं आहे. ठरलेलं म्हणजे, कुणी नाही म्हटलेलं नाही.

या खोलीत सगळ्यांत जास्त काळ माझ्यासोबत कुणी काम केलं असेल तर शुभांगीनं. ती पीएच.डी.ची विद्यार्थिनी, तेरखेड्याची. तिची आई फटाक्यांच्या कामावर जाते, वडील दुसऱ्याच्या रानात. पहिल्याच दिवशी ती एक पिशवी घेऊन आली. पिशवीत पाला.

"हे काय?"

"दगडी पाला, सर. बांधावर असतो न, पिवळ्या फुलाचा. आमच्याकडं हात पोळला की ह्योच चुरगळून लावत्यात."

"फरक पडतो?"

"आई म्हणती पडतो. म्हणूनच आले की मोजायला."

तिचा विषय एवढाच होता. त्वचेच्या पेशींवर या पाल्याचा रस घातला तर त्या लवकर पसरतात की नाही. प्रयोग तीनदा करायचा होता आणि तिन्ही वेळा निकाल जुळायला हवा होता. दोनदा झाला. रसाच्या वाट्यांतली रेघ साध्या पेशींच्या रेघेपेक्षा थोडी वर चालली. फार नाही. पण दोन्ही वेळा तेवढीच वर. दोन्ही वेळा प्लेटा मी धुतलेल्या होत्या.

तिसऱ्या खेपेआधी कळलं की कंपनीनं या जातीच्या प्लेटा बनवणं थांबवलं आहे. नव्या यंत्राला नव्या आकाराच्या प्लेटा, जुनं यंत्र ज्याचं त्यानं बघावं. माझ्याकडं धुतलेल्या चार उरल्या होत्या आणि कपाटात एक सीलबंद नवी. शुभांगीच्या नोंदणीला मिळायची तेवढी मुदतवाढ मिळून झाली होती. हिवाळ्याच्या आत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, मग पहिल्यापासून सगळं. पहिल्यापासून करायला घरात धीर नव्हता. प्लेटा तर कुठंच नव्हत्या.

नवरात्र आलं. आमच्या भागात नवरात्रात सगळे रस्ते तुळजापूरला जातात. कॉलेजचं लक्ष उडतं. चारही प्लेटा मी धुतल्या, कोरी फेरी घेतली, चारही पास झाल्या. झाकणं लावून हूडखाली ओळीनं ठेवल्या. हूड म्हणजे काचेची पेटी, तिच्यात स्वच्छ हवा फिरत असते. मग लातूरची गाडी धरली.

दसरा झाल्यावर आलो. शुभांगी वाट पाहत होती. मी दोन प्लेटा काढून दिल्या. तिनं पेशी सोडल्या, रस घातला, प्लेटा यंत्रात लावल्या आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

सकाळी ती माझ्याआधी आलेली होती. पडद्यासमोर उभी होती, खुर्ची असताना.

"सर, कडेच्या मेल्या."

दोन्ही प्लेटांत एका टोकाच्या चार वाट्यांतल्या रेघा आधी चढल्या होत्या आणि मग खाली आल्या होत्या. वाईट गोष्ट अशी की त्या वाट्यांत तिनं रस घातलाच नव्हता. त्या तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या पेशी होत्या. नुसत्या पोषक द्रवात, उबेत, निर्जंतुक वाटीत पेशी आपणहून मरत नाहीत. म्हणजे दोष पाल्याचा नव्हता. पेशींचाही नव्हता, कारण बाकीच्या वाट्यांत त्या ठीक होत्या. राहिली प्लेट.

तिच्या मार्गदर्शक मॅडम आल्या. मूळच्या तुळजापूरच्या, पुजाऱ्याच्या घरातल्या, बोलायला नेमक्या. त्यांनी पडदा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

"किती वेळा धुतलेल्या आहेत या?"

मी सांगितलं.

"कधीतरी हे व्हायचंच होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "शुभांगी, कपाटातली नवी काढ. तिच्यावर तिसरी खेप कर आणि मोकळी हो."

"आणि मॅडम, पहिल्या दोन?"

"त्या झाल्या की."

"त्याबी धुतलेल्याच होत्या न. ह्या खराब, तर त्या चांगल्या कशावरून?"

मॅडम पुन्हा पडदा बघू लागल्या. हा प्रश्न परीक्षक विचारील हे त्यांनाही दिसत होतं. त्या गेल्यावर शुभांगी मला म्हणाली, "सर, खरं सांगा. धुतलं व्हतं न नीट?" घाई झाली की तिच्या बोलण्यात तेरखेडा येतं. मी हो म्हटलं. तिनं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही.

त्या दुपारी मी वापरलेल्या दोन बाजूला ठेवून न वापरलेल्या दोन प्लेटा पुढ्यात घेतल्या. हौद गळतो तेव्हा प्लंबर आधी कोरड्या ठिकाणी हात फिरवतो. झाकण उचललं, खालच्या कडेवरून स्पिरिटचा कापूस फिरवला. कापूस पिवळा झाला. नाकाला लावला. हळद.

मी खाली जाऊन जनामावशीला शोधलं. मावशी येरमाळ्याच्या. रोज एस.टी.नं येतात, आमचा मजला झाडतात, पुसतात. ठेकेदाराच्या कामावर आहेत. जिन्याखाली बसून भाकरी खात होत्या.

"मावशी, खंडेनवमीला वर पूजा कुणी केली?"

"म्याच की. तुम्ही गेला लातूरला. मशीन बिनपूजेचं ठेवायचं व्हय?"

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्याचं औत, न्हाव्याचा वस्तरा, कंडक्टरचं तिकिटाचं यंत्र. केंद्रातही दरवर्षी व्हायची. यंत्र बंद करायचं, वर कापड टाकायचं, कापडाला हळदीकुंकू, एक हार, आणि नारळ बाहेर जिन्यात फोडायचा. हे मी स्वतः करायचो, म्हणून कापड विसरलं जात नव्हतं.

"हूडमधल्या प्लेटांनाही लावलं?"

"लावलं. चौघींलाबी. बोटबोट लावलं फकस्त, टोकाला. दुसऱ्या दिशी वल्या फडक्यानं पुसूनबी घेतलं सोच्छ." त्यांनी घास खाली ठेवला. "का वो? सोन्याच्या हायेत म्हनता न तुम्ही? घरात सोनं असलं तर दसऱ्याला त्याला हळद लागत न्हाय व्हय?"

सोन्याच्या आहेत हे मीच सांगितलं होतं, धक्का लागू नये म्हणून.

"मावशी, फडक्याच्या पाण्याबरोबर झाकणाखालून हळद आत गेली. शुभांगीच्या पेशी मेल्या."

त्यांना ते बराच वेळ पटेना. "हळदीनं कुनी मरतंय का? पोरगी जखमेचंच करती न काहीतरी? जखमेला आपुन हळदच लावतो की."

हे खरं आहे. पण जखम धडधाकट माणसाच्या अंगावर असते, मागं रक्त असतं, कातडीचे थर असतात. वाटीत उघड्या पेशींचा एक थर, आणि त्यांच्या मानानं हळदीचा कण म्हणजे दरड. हे मी त्यांना सांगितलं, जमेल तसं. मावशींनी भाकरी फडक्यात बांधली आणि उठल्या.

"कुठं?"

"मॅडमकडं. म्या लावली म्हनून सांगते. न्हायतर तुमच्या धुन्यावर येतंय."

मी नको म्हटलं. ठेकेदार माणसं बदलायला कारणच शोधत असतो. त्या थांबल्या नाहीत. मीही मागोमाग गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग फोन काढून काहीतरी पाहिलं आणि टेबलावर पालथा ठेवला. त्या फोनमध्ये काय असेल याचा मला अंदाज होता. मागच्या वर्षी हार घातलेल्या यंत्राचा फोटो कॉलेजच्या ग्रुपवर मॅडमनीच टाकला होता, खाली हात जोडलेले.

"ठेकेदाराला काही कळवायचं नाही," त्या म्हणाल्या. "हळद निघेल का ते बघा."

प्रश्न तोच होता. हळद प्लास्टिकला धरते. स्पिरिटनं बरीच निघाली, सगळी नाही. झाकणाच्या कडेला आणि चार-चार वाट्यांच्या भिंतींना फिकट पिवळी छटा राहिली. ट्रिप्सिनला ती दाद देईना. माझ्याकडच्या पुस्तकांत रक्त होतं, प्रथिनं होती, हळद नव्हती. हळदीबद्दल विचारावं असं एकच माणूस मला आठवलं. संध्याकाळी माझ्या भाड्याच्या खोलीवर जाऊन मी लातूरला फोन लावला. आमचे फोन सहसा गॅस, वीजबिल आणि मुलीचं येणं-जाणं एवढ्यावर होतात.

"हळदीचा डाग कशानं जातो?"

"कुणाच्या हळदीला गेला होतात?"

"कुणाच्या नाही. प्लेटांना लागलीय."

"साबण लावला का?"

"नाही."

"लावू नका. लाल होतं. उन्हात ठेवा, ऊन खातं हळद." मग ती म्हणाली, "आपल्या लग्नातलं तुमचं धोतर गच्चीवर टाकलं होतं मी. दुपारनंतर पांढरं. तुम्हाला कुठलं आठवायला."

मला आठवत होतं. पण ते म्हणायची वेळ निघून गेली आणि तिनं विचारलं, जेवलात का.

दुसऱ्या दिवशी मी चारही प्लेटा पुन्हा स्पिरिटनं धुतल्या, निर्जंतुक पारदर्शक पिशव्यांत बंद केल्या आणि कॉलेजच्या गच्चीवर नेल्या. दसऱ्यानंतरचं ऊन आमच्याकडं पाठीवर चटका देतं. टाकीच्या बाजूला ताटात मांडल्या. वानरं येतात, म्हणून शेजारी बसलो. डोक्यावर रुमाल, हातात काठी, समोर सोन्याच्या जाळीच्या चार प्लेटा. खाली मैदानावर पोरांची कवायत चालली होती. त्यांच्यातल्या कुणी वर पाहिलं असतं तर कुरडया राखणारा म्हातारा दिसला असता. पिवळी छटा हळूहळू फिकी होत गेली. कधी गेली ते नेमकं दिसलं नाही. पाहत होतो तरी दिसलं नाही.

उतरल्यावर पुन्हा सगळी धुण्याची रीत, पुन्हा कोरी फेरी. रेघा सपाट. पण या वेळी माझा माझ्याच कोऱ्या फेरीवर भरवसा नव्हता. कोरी फेरी जाळीवर काही बसलंय का एवढंच सांगते. पेशींना तिथं राहवेल की नाही हे तिला ठाऊक नसतं. ते पेशीच सांगतात. मी हे शुभांगीला सांगितलं.

तिनं कपाट उघडून सीलबंद प्लेट पाहिली. मग म्हणाली, "सर, दोन्ही लावू या. नवी आन् धुतलेली. शेजारी शेजारी. पेशी त्याच, रस तोच, येळ तीच."

तिचं म्हणणं बरोबर होतं आणि धोक्याचं होतं. नुसत्या नव्या प्लेटवर तिसरी खेप केली असती तर कागदावर तीन खेपा पूर्ण झाल्या असत्या. दोन्ही शेजारी लावल्या आणि धुतलेली वेगळं काही म्हणाली, तर तिसरी खेप तर गेलीच, पहिल्या दोनही त्याच हिशेबात गेल्या. नवी प्लेटही वापरून संपली. मग हातात काही उरणार नव्हतं.

"मॅडमला विचारलंस?"

"विचारलं. म्हणल्या, तुझं तू बघ." मग ती म्हणाली, "आईला काय सांगू मी? पाल्यानं फरक पडतो म्हणून? का नव्या ताटात पडतो, धुतलेल्यात न्हाय म्हणून?"

सील तिनं स्वतः तोडलं. इतकी वर्षं मी प्लेटा हाताळतोय, पण नव्या प्लेटचं सील तोडताना येणारा तो बारीक आवाज मी फार थोड्या वेळा ऐकला आहे. हळद लागलेली एक धुतलेली प्लेट तिनं शेजारी ठेवली. साध्या पेशी मुद्दाम त्याच टोकाच्या वाट्यांत सोडल्या. यंत्र सुरू केलं आणि ती तेरखेड्याला निघून गेली. इथं बसून पाहवणार नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आत मी पडदा पाहिला. नव्या प्लेटच्या रेघा निळ्या लावल्या होत्या, धुतलेलीच्या तांबड्या. मला आधी वाटलं तांबड्या उमटल्याच नाहीत. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, त्या निळ्यांच्या आड होत्या. जोडून, एकीवर एक. टोकाच्या वाट्यांतल्यासुद्धा. आणि दोन्हींत रसाच्या रेघा साध्या पेशींपेक्षा तेवढ्याच वर, जेवढ्या पहिल्या दोन खेपांत होत्या.

शुभांगी आली, जिना चढून दम लागलेली. पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं.

"सर, कुठली कुठली हाय?"

"ओळख."

तिनं पाहिलं. खुर्ची ओढून पडद्याजवळ बसली. मावशी दारात फरशी पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "जगल्या का वो?" शुभांगीनं मान हलवली. मावशी म्हणाल्या, "बघा. हळद लागलेली जगली." आणि पुसत पुढं गेल्या.

प्रबंधात शुभांगीनं सगळं लिहिलं. प्लेटा धुतलेल्या होत्या, कशा धुतल्या, हळद कशी लागली, उन्हात कशा ठेवल्या. मॅडमना "उन्हात" हा शब्द खटकला. त्यांनी "सूर्यप्रकाशाखाली" सुचवला. मला दोन्ही चालले असते, पण शुभांगीनं बदलला नाही. मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मी शेवटच्या रांगेत होतो. धुण्याचं आणि हळदीचं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि दोन रेघांची आकृती पुढं धरून विचारलं, "यातली नवी कुठली?" शुभांगी म्हणाली, "सर, खाली लिहिलंय. नुसतं बघून मलाबी सांगता यायचं न्हाय." ते पुढच्या प्रश्नाकडं वळले. पदवी मिळाली.

ती आता हैदराबादला नोकरीला आहे. तिथं प्लेट वापरतात आणि टाकतात. मध्यंतरी तिचा फोन आला होता. म्हणाली, "कचऱ्याच्या डब्याकडं बघवत न्हाय, सर." मी म्हटलं, हळूहळू बघवेल.

यंत्राचे सुटे भाग मिळत नाहीत. नवे संशोधक दुसऱ्या पद्धती वापरतात. त्या स्वस्त आहेत आणि बऱ्याही आहेत. वर कुणी फारसं येत नाही. जनामावशी खंडेनवमीला कापड टाकल्याशिवाय पूजा करत नाहीत आणि टाकल्यावर मला दाखवून घेतात. शुभांगीनं सील तोडलेली ती प्लेट मी धुतली. आता ती बाकीच्या चार प्लेटांसारखीच आहे, बाजूला ठेवली तर मलाही ओळखू येत नाही.

कुणी मागितल्या तर तयार असाव्यात, म्हणून अधूनमधून मी पाचही काढतो, धुतो, कोरी फेरी लावतो. परवा अशीच लावली होती. पोषक द्रव भरलं, पेशी नाहीत, सोळा रेघा जमिनीला टेकून निघाल्या. फोन वाजला. लातूर. काम असेल म्हणून उचलला.

"ते विचारायचंच राहिलं," ती म्हणाली. "डाग गेला का?"

"गेला."

"उन्हातच ना?"

"उन्हातच. शेजारी बसून होतो."

"धोतरापाशी मीच बसले होते. वारा होता." गॅस, वीजबिल, मुलगी, काहीच निघालं नाही. पण फोन तिनं ठेवला नाही, मीही ठेवला नाही. पडद्यावर रेघा सपाट चालल्या होत्या, आणि पलीकडं लातूरच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता.